शोधांच्या गोष्टीतली मधली वर्षेही छापा

माननीय संपादक,
स. न.

आपल्या रविवार पुरवणीत योगायोगाने लागलेल्या शोधांवर एक पानभर मजकूर आला होता. चित्रे सुरेख होती आणि भाषाही कुणाला समजेल अशी होती. तरीही हे पत्र लिहिते आहे, कारण अशी पाने मुले कापून वहीत चिकटवतात आणि त्यातली वाक्ये पुढे वक्तृत्व स्पर्धांत, निबंधांत वर्षानुवर्षे म्हणत राहतात. फ्लेमिंग यांनी बशी उघडी ठेवली, तिच्यावर बुरशी आली, जगाला पेनिसिलिन मिळाले, असे त्या लेखात होते. बुरशी येणे आणि माणसाला औषध मिळणे यांच्यामध्ये बारा वर्षांहून अधिक काळ गेला. त्या काळाबद्दल लेखात अवाक्षर नाही.

फ्लेमिंग सुट्टीवरून परतले ते सप्टेंबर १९२८ मध्ये. लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयातल्या त्यांच्या प्रयोगशाळेत जिवाणू वाढवलेल्या काचेच्या बश्या साचल्या होत्या. एकीत बुरशीचा ठिपका पडला होता आणि त्याच्याभोवतीचे जिवाणू विरून गेले होते. बशीवर बुरशी येणे ही जिवाणूशास्त्रातली रोजची कटकट. अशी बशी बहुतेक जण धुवायला टाकतील. फ्लेमिंग थबकले, याचे कारण त्यांच्या आधीच्या कामात आहे. अश्रूंत आणि नाकातल्या स्रावात जिवाणूंना विरघळवणारा लायसोझाइम हा पदार्थ असतो, हे त्यांनी १९२२ मध्येच प्रसिद्ध केले होते. जिवाणू विरघळताना कसे दिसतात, हे त्यांच्या डोळ्यांना कित्येक वर्षे ठाऊक होते. बुरशी बशीत पडली हा योगायोग मी मान्य करते. ती पाहणारा माणूस तिथे असणे हा योगायोग नव्हता.

पुढचे काम मात्र त्यांच्या हातून झाले नाही. १९२९ मध्ये त्यांनी निबंध छापला, पण बुरशीच्या रसातून औषध वेगळे काढता येईना, ते हाती येईपर्यंत निकामी व्हायचे. दहा वर्षांनी ऑक्सफर्डमध्ये फ्लोरी आणि चेन यांनी तो जुना निबंध वाचून काम पुन्हा हाती घेतले. त्यांच्या गटात नॉर्मन हीटली नावाचे एक तरुण जीवरसायनशास्त्रज्ञ होते. आम्लधर्मी केलेल्या रसातले पेनिसिलिन ईथरमध्ये उतरवायचे आणि ईथरमधून ते पुन्हा किंचित अल्कधर्मी पाण्यात आणायचे, ही युक्ती त्यांची. युद्धाचे दिवस होते, भांडी मिळत नव्हती. बुरशी वाढवायला रुग्णालयातली बेडपॅन वापरली, रस साठवायला दुधाचे कॅन वापरले. २५ मे १९४० रोजी आठ उंदरांना घातक जंतू टोचले आणि त्यातल्या चारांनाच पेनिसिलिन दिले. हीटली पहाटेपर्यंत पिंजऱ्यांपाशी बसून राहिले. औषध न मिळालेले चारही उंदीर रात्रीतच मेले, उरलेले चार जिवंत होते.

फेब्रुवारी १९४१ मध्ये जंतुसंसर्गाने गंभीर आजारी असलेल्या एका रुग्णाला पहिल्यांदा औषध दिले. तो पोलीस शिपाई होता. चार-पाच दिवसांत त्याच्यात सुधारणा दिसली आणि औषध संपत आले. त्याच्या लघवीतून बाहेर पडलेले पेनिसिलिन गोळा करून, शुद्ध करून पुन्हा त्यालाच टोचत होते. तेही पुरले नाही. मार्चमध्ये तो गेला. मला या सगळ्या हकिकतीत सर्वांत महत्त्वाचे वाटते ते त्यानंतरचे काम. डोळ्यांसमोर बरा होत असलेला माणूस केवळ औषध कमी पडल्याने गेल्यावर ही माणसे प्रयोगशाळेत परत गेली आणि त्याच बुरशीतून अधिक औषध कसे काढायचे या प्रश्नाला भिडली. १९४५ चे नोबेल फ्लेमिंग, फ्लोरी आणि चेन यांना मिळाले. हीटली यांना ऑक्सफर्डने वैद्यकशास्त्राची मानद डॉक्टरेट दिली ती १९९० मध्ये.

हे मी इतक्या पोटतिडकीने का लिहिते, ते सांगायला हवे. मी उच्च माध्यमिक वर्गांना भौतिकशास्त्र शिकवत असे आणि नोकरीचा मोठा भाग प्रयोगशाळेत गेला. प्रॅक्टिकलच्या तासाला मुलांना एक सवय फार लवकर लागते. उत्तर किती यायला हवे हे आधीच माहीत असते, त्यामुळे एखादे रीडिंग वेडेवाकडे आले की ते खोडायचे आणि शेजारच्याचे बघून जुळवून घ्यायचे. मुलांना दोष देण्यात अर्थ नाही, गुण जुळलेल्या रीडिंगलाच मिळतात. पण कुतूहल जागे होण्याची जी एक जागा असते, नेमकी तीच आपण त्यांना खोडायला शिकवतो.

लंबकाचा प्रयोग सगळ्यांनी केलेला असतो. दोऱ्याची लांबी बदलत जायची, दोलनकाल मोजायचा, त्याच्या वर्गाचा लांबीशी आलेख काढायचा. रेषा आरंभबिंदूतून जायला हवी. माझ्या एका विद्यार्थिनीची रेषा जात नव्हती, थोडी बाजूने जायची. बाकीच्यांनी पट्टी जरा कलती धरून रेषा शून्यातून नेली होती. ही मुलगी मधल्या सुट्टीत येऊन पुन्हा पुन्हा रीडिंग घेत राहिली. गुरुत्वत्वरणाचे उत्तर तर बरोबर येते, मग रेषा का सरकते, हा तिचा प्रश्न होता आणि तो फार चांगला प्रश्न होता. तिने लहान-मोठे गोलक लावून पाहिले. गोलक मोठा, तर रेषा जास्त सरके. मग एके दिवशी व्हर्नियर कॅलिपर मागून घेतला, गोलकांचे व्यास मोजले आणि मला वही आणून दाखवली. ती लांबी दोऱ्याच्या टोकापर्यंत, म्हणजे गोलकाच्या वरच्या कडेपर्यंत मोजत होती. ती गोलकाच्या मध्यापर्यंत मोजायची असते. रेषा लांबीच्या अक्षाला शून्याच्या जितकी डावीकडे छेदत होती, तितकीच गोलकाची त्रिज्या होती. पाठ्यपुस्तकात एका ओळीत दिलेली सूचना तिने स्वतः शोधून काढली होती. त्या दिवशी तिच्या चेहऱ्यावर जे होते, ते गुणपत्रिकेवर कधीच उमटत नाही.

खगोलशास्त्रज्ञ केप्लर यांनी हेच केले, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. मंगळाची कक्षा वर्तुळ धरून त्यांनी वर्षानुवर्षे गणित मांडले. टायको ब्राहे यांच्या निरीक्षणांशी ते जवळजवळ जुळले, फरक राहिला फक्त आठ कलांचा. एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग. पूर्ण चंद्राची आकाशातली रुंदी सुमारे तीस कला असते, यावरून तो फरक किती लहान हे कळेल. दुर्बिणीच्या आधीचा काळ होता, तेवढी चूक निरीक्षकाच्या माथी मारून मोकळे होणे सहज शक्य होते. पण टायको इतके चुकणार नाहीत, हे केप्लर यांना पक्के माहीत होते. त्यांनी स्वतःचे गणित टाकून दिले आणि पुन्हा सुरुवात केली. १६०९ मध्ये ग्रहांची कक्षा लंबवर्तुळाकार असते हे छापून आले, ते त्या आठ कलांमुळे.

आणि मुलांना मी जी गोष्ट सर्वांत जास्त वेळा सांगितली, ती जोसेलिन बेल यांची. केंब्रिजमध्ये पीएचडी करायला आलेली ही तरुणी पहिली दोन वर्षे दुर्बीण बांधत होती. डोळ्याने बघायची दुर्बीण नव्हे, आकाशातल्या रेडिओ लहरी टिपणारी. साडेचार एकर जागेत खांब रोवायचे, तारा ओढायच्या, जोडण्या करायच्या, असे ते काम. जुलै १९६७ मध्ये दुर्बीण सुरू झाली आणि रोज सुमारे शंभर फूट कागदपट्टी तिच्यातून बाहेर पडू लागली. शाईच्या रेषांनी भरलेला तो कागद बेल स्वतः डोळ्यांनी वाचत. कुठली रेषा खऱ्या ताऱ्याची, कुठली जवळून गेलेल्या वाहनाच्या ठिणग्यांची, हे त्यांना बघता बघता ओळखू येऊ लागले.

सहा-आठ आठवड्यांनी त्यांना एक बारीक खरखर दिसली. शेकडो फूट कागदात तिने जेमतेम पाव इंच जागा घेतलेली. ताऱ्यासारखी नाही, यंत्रांच्या व्यत्ययासारखीही नाही. आणि मग त्यांना आठवले की आकाशाच्या याच भागातून असेच काहीतरी आधीही आले होते. त्या उठल्या आणि जुन्या पट्ट्या उलगडून बसल्या.

हे आठवणे मला फार मोठे वाटते. रोज मैदानात जाऊन कंटाळवाणे काम केलेल्या, प्रत्येक फूट कागद स्वतः वाचलेल्या माणसालाच ते आठवू शकते. चिकाटी ही कुतूहल जागे झाल्यावर कामाला येणारी गोष्ट आहे, असे आपण समजतो. इथे चिकाटी आधी होती आणि तिनेच कुतूहलाला नजर दिली.

खरखर नीट पाहायची तर कागद वेगाने पळवून नोंद घ्यायला हवी. त्या ठरलेल्या वेळी रोज वेधशाळेत जायच्या, कागदाचा वेग वाढवायच्या, आणि काहीच यायचे नाही. असे कित्येक आठवडे. एके दिवशी व्याख्यान ऐकायला गेल्या आणि नेमकी त्याच दिवशी खरखर येऊन गेली. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा वेधशाळा. अखेर नोव्हेंबर १९६७ च्या शेवटी वेगाच्या कागदावर ठोके उमटले, एकेक सव्वा सेकंदाहून थोड्या जास्त अंतराने, घड्याळासारखे नियमित. मार्गदर्शक अँटनी ह्युइश यांना प्रथम वाटले की हे माणसाच्या कुठल्यातरी यंत्राचेच असणार, आणि तसे वाटणे रास्तच होते. पण तो संकेत ताऱ्यांच्या उगवण्या-मावळण्याच्या वेळापत्रकाने चालत होता. नाताळच्या तोंडावर बेल यांना आकाशाच्या दुसऱ्याच भागात तसलीच खरखर सापडली. कडाक्याच्या थंडीत उपकरण धड चालेना, म्हणून त्या त्याच्यावर श्वास सोडत उभ्या राहिल्या. पाचच मिनिटे ते चालले, पण ती बरोबर हवी तीच पाच मिनिटे होती. दुसरा स्पंदक (पल्सर, म्हणजे असे नियमित रेडिओ ठोके देणारा तारा) सापडला आणि पहिल्याबद्दलच्या शंका फिटल्या. १९७४ चे नोबेल ह्युइश आणि मार्टिन राइल यांना मिळाले. बेल यांना २०१८ मध्ये तीस लाख डॉलरचा एक मोठा पुरस्कार मिळाला, तेव्हा ती सगळी रक्कम त्यांनी भौतिकशास्त्रात ज्यांना सहज प्रवेश मिळत नाही अशा विद्यार्थ्यांसाठी देऊन टाकली.

रामन यांच्याबद्दलही आपण अर्धेच सांगतो. १९२१ मध्ये इंग्लंडहून परतताना जहाजावरून भूमध्य समुद्राचा निळा रंग पाहिला आणि त्यातून रामन परिणाम (पदार्थातून विखुरताना थोड्या प्रकाशाचा रंग बदलणे) सापडला, एवढेच मुलांना ठाऊक असते. समुद्र निळा दिसतो तो आकाशाच्या प्रतिबिंबामुळे, असे लॉर्ड रेली यांचे म्हणणे होते. रामन यांनी जहाजावरच निकोल लोलकातून (एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश पुढे सोडणाऱ्या स्फटिकातून) पाहून परावर्तित प्रकाश वगळला, तरी निळाई उरली. इथपर्यंत कुतूहल. पण २८ फेब्रुवारी १९२८ ही तारीख त्यानंतर साडेसहा वर्षांनी येते. मधल्या काळात कोलकात्यातल्या प्रयोगशाळेत त्यांचे विद्यार्थी द्रवांतून विखुरलेला प्रकाश तपासत होते. १९२३ मध्ये के. आर. रामनाथन यांना त्यात एक क्षीण, परका प्रकाश दिसला. द्रव अशुद्ध असेल म्हणून तो पुन्हा पुन्हा शुद्ध केला. प्रकाश जाईना. त्या वेडेवाकड्या रीडिंगला कुणी खोडले नाही, हा माझ्या दृष्टीने रामन परिणामाचा खरा इतिहास आहे. पुढे के. एस. कृष्णन यांच्यासह रामन यांनी त्याच क्षीण प्रकाशाचा छडा लावला. रामन यांनी कोलकात्यातले सुरुवातीचे संशोधन सरकारी हिशेब खात्यात नोकरी करत, सकाळी आणि संध्याकाळी प्रयोगशाळेत जाऊन केले होते, हेही मुलांना कळायला हवे.

अलीकडचे उदाहरण जीवरसायनशास्त्रज्ञ कातालिन कारिको यांचे. एमआरएनएवर (पेशीला प्रथिन बनवण्याचा निरोप देणाऱ्या रेणूवर) काम करण्यासाठी अनुदान मिळत नाही म्हणून १९९५ मध्ये विद्यापीठात त्यांना खालच्या पदावर आणले गेले. त्या थांबल्या नाहीत, हे वर्तमानपत्रांनी ठळकपणे छापले. त्यांनी काय विचारले, ते फारसे छापले नाही. बाहेरून दिलेला एमआरएनए पेशींना झोंबत होता, दाह निर्माण करत होता. त्याच प्रयोगात तुलनेसाठी घेतलेला टीआरएनए (पेशीत प्रथिनाचे घटक आणून देणारा रेणू) मात्र दाह करत नव्हता. तुलनेच्या नमुन्याकडे कुणी फार लक्ष देत नाही. कारिको आणि ड्रू वाइसमन यांनी विचारले, हा का झोंबत नाही? टीआरएनएच्या काही घटकांत निसर्गाने रासायनिक फेरफार केलेले असतात, हे त्याचे उत्तर निघाले. २००५ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले, त्याच फेरफाराच्या आधारे पुढे करोनावरच्या लसी बनल्या आणि २०२३ मध्ये त्या दोघांना नोबेल मिळाले.

आता एक गोष्ट मी मुद्दाम सांगते, कारण नुसत्या चिकाटीचे गोडवे गाणेही मला धोक्याचे वाटते. फ्रान्समधल्या नान्सी इथले रेने ब्लाँद्लो हे नावाजलेले भौतिकशास्त्रज्ञ. १९०३ मध्ये त्यांनी ‘एन किरण’ नावाचे नवे किरण सापडल्याचे जाहीर केले. एक अगदी अंधूक ठिणगी किंचित उजळते, हा त्यांचा पुरावा. त्यांनी अपार कष्टाने निरीक्षणे घेतली, इतरांनाही ते किरण दिसू लागले, निबंधांवर निबंध निघाले. १९०४ मध्ये अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वूड त्यांच्या प्रयोगशाळेत गेले आणि अंधारात हळूच उपकरणातला ॲल्युमिनियमचा लोलक काढून घेतला. किरण वेगळे करणारा भागच नव्हता, तरी ब्लाँद्लो पूर्वीसारखीच मापे सांगत राहिले. एन किरण अस्तित्वातच नव्हते. कष्टांत ब्लाँद्लो कुणाला हार गेले नसते. आपण जे पाहतो ते खोटे असू शकेल का, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला नाही. बेल यांनी, केप्लर यांनी, रामनाथन यांनी तो विचारला होता. त्यांची चिकाटी त्या प्रश्नाशी होती, स्वतःच्या उत्तराशी नव्हती. ‘प्रयत्न सोडू नका’ एवढेच सांगून मुलांना पाठवणे म्हणूनच मला अपुरे वाटते. कशाचे प्रयत्न, आणि चुकतो आहोत हे कळायची सोय त्यात ठेवली आहे का, हे सांगायला हवे.

योगायोगाच्या गोष्टींनी होणारे नुकसान मी वर्गात पाहिले आहे. हुशार मुले सुद्धा म्हणतात, मॅडम, आपल्याला कुठे असे काही सुचणार! सुचण्याची वाट पाहत बसायचे असते, अशी त्यांची समजूत झालेली असते. हीटली यांना काय सुचले हे समजावून सांगितले की तीच मुले पुढे सरकून बसतात, कारण ईथर आणि पाणी त्यांनी पाहिलेले असते. तिथे त्यांना शिरायला वाट दिसते.

म्हणून दोन विनंत्या. एक, शिक्षक वाचकांना. जर्नलमध्ये न जुळलेले रीडिंग खोडू देऊ नका. त्याच्यापुढे ‘असे का आले असावे’ एवढा एक रकाना ठेवा आणि त्यालाही गुण द्या, मग तर्क चुकीचा असला तरी चालेल.

दुसरी आपल्याला. शास्त्रज्ञ पानावर येतो तो पुरस्कार मिळाल्यावर, तेव्हा सगळी वर्षे यशाकडे नेणारी वाटू लागतात. ज्याच्या हाती अजून काही लागलेले नाही, अशा एखाद्या संशोधकाची मुलाखत छापा. कोणत्या प्रश्नावर किती वर्षे अडकला आहात, गेल्या वर्षी काय फसले, कुठल्या आकड्याचा उलगडा होत नाही, उद्या सकाळी गेल्यावर पहिले काय करणार, हे विचारा. त्याचे उत्तर निघेलच असे नाही, हेही त्यात येऊ द्या. अशी मुलाखत घेणार असाल, तर आमच्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी काही जण आज संशोधनात आहेत. त्यांच्याशी बोलून, प्रश्न काढून द्यायला मी आनंदाने तयार आहे.

आपली विश्वासू,
भौतिकशास्त्राची एक निवृत्त शिक्षिका